पाठशाळा, प्रयोगशाळा आणि क्षणाची स्मृति

पुण्याच्या जुन्या पेठांतील वाड्यांत एके काळीं पहाटे संथेचा स्वर ऐकूं येत असे. गुरुजींनीं एक चरण म्हणावा, समोर मांडी घालून बसलेल्या मुलांनीं तो दोनदां म्हणावा, मग पुढचा चरण घ्यावा, असा तो क्रम. आठव्या वर्षीं मुंज होऊन अध्ययनास बसलेला मुलगा दहा-बारा वर्षांनीं उठे, तेव्हां ऋग्वेदाचीं १,०२८ सूक्तें, म्हणजे सुमारे साडेदहा हजार ऋचा, त्याला मुखोद्गत असत. पोथी न उघडतां आणि स्वर न ढळूं देतां तो त्या म्हणून दाखवी. पण याच मुलाला आईनें वाण्याकडे पाठविलें आणि हिंग, जिरें, मोहरी, गूळ, सुपारी अशा नऊ जिनसा एका दमांत सांगितल्या, तर त्यांतल्या दोन विसरूनच तो परत येणार, हें कोणतीहि गृहिणी सांगूं शकेल. “एवढा वेद राहतो डोक्यांत, आणि हळद तेवढी राहत नाहीं?” हा तिचा प्रश्न रागाचा खरा, परंतु शास्त्राच्या दृष्टीनें तो फार मोलाचा आहे.

या प्रश्नाला दोन उत्तरें नेहमींच तयार असतात. एक म्हणतें, पूर्वींच्या लोकांची स्मृति दैवी होती, आपण क्षीण झालों. दुसरें म्हणतें, ती सारी पोपटपंची, तिचें कौतुक तें काय करावयाचें! पहिल्या उत्तरांत अभिमान आहे, दुसऱ्यांत तुच्छता आहे. मोजमाप मात्र दोहोंतहि नाहीं. मानसशास्त्रज्ञांनीं गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत हें मोजमाप करण्याचा प्रयत्न केला. ऐकलेली गोष्ट कांहीं क्षण मनांत धरून ठेवणारी जी शक्ति, तिला ते अल्पकालीन स्मृति म्हणतात; आणि वर्षानुवर्षें टिकणारा जो सांठा, त्याला दीर्घकालीन स्मृति. हा भेद त्यांनीं कोणत्या पुराव्यावर केला, तो पुरावा कितपत खरा उतरला, आणि पुण्याच्या वैदिकाची साक्ष त्याच्या बाजूनें पडते कीं विरुद्ध, हें पाहण्यासारखें आहे.

मोजमापास आरंभ झाला तो जर्मनींत. हर्मान एबिंगहाउस या विद्वानानें १८८५ सालीं स्मृतीवर एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील प्रयोग त्यानें स्वतःवरच केले होते. ओळखीचे शब्द घेतले तर जुन्या आठवणी मदतीस धांवून येतात. म्हणून त्यानें अर्थहीन अक्षरसमूह बनविले आणि त्यांच्या याद्या ठराविक गतीनें वाचून पाठ केल्या. सात समूहांची यादी त्याला एका वाचनांत म्हणतां येई. बारांच्या यादीला मात्र सुमारे १७ वाचनें लागलीं. सोळांच्या यादीला ३०, चोविसांच्या यादीला ४४ आणि छत्तिसांच्या यादीला ५५. सातावरून बारावर जातांना ओझें दुप्पटहि झालें नाहीं. श्रम मात्र सतरापट झाले. याचा अर्थ असा कीं, सहा-सातांच्या आसपास मनाला एक उंबरठा आहे. त्याच्या अलीकडचें सहज हातीं येतें. पलीकडचें घोकूनच मिळवावें लागतें. त्यानेंच असेंहि दाखविलें कीं, अर्थपूर्ण कविता पाठ करावयास निरर्थक अक्षरांच्या मानानें सुमारे एक दशांश श्रम पुरतात.

येथें पहिली शंका येते. एकाच मनुष्यानें स्वतःवर केलेला प्रयोग इतरांना लागू कसा करावा? शंका रास्त होती, आणि तिचें उत्तरहि लौकरच मिळालें. १८८७ सालीं जोसेफ जेकब्स यानें लंडनच्या मुलींच्या शाळेंत आंकड्यांच्या आणि अक्षरांच्या याद्या एकेकदांच म्हणून दाखवून त्या परत म्हणावयास लावल्या. आंकड्यांची सरासरी मजल ९.३ निघाली, अक्षरांची ७.३. वय वाढे तशी मजल वाढे, असेंहि दिसलें. १८९० सालीं अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यानें या क्षणभराच्या धारणेला प्राथमिक स्मृति असें निराळें नांव दिलें. ज्यांना पडताळा पाहावयाचा असेल त्यांनीं घरीं सर्वांना बसवून दर सेकंदास एक याप्रमाणें आंकडे म्हणावे, पांचांपासून आरंभ करून एकेक वाढवीत जावें. प्रौढ माणसांपैकीं बहुतेकांची गाडी सहा ते आठांच्या दरम्यान अडेल.

पण अडते ती नेमकी कशामुळें? १९५६ सालीं जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें ‘सात, अधिक-उणे दोन’ ही संख्या प्रसिद्धीस आणली. मात्र त्याच निबंधांत त्यानें एक अधिक महत्त्वाची गोष्ट सांगितली. मन मोजतें तें आंकड्यांनीं नव्हे, गटांनीं. ‘एक, आठ, एक, आठ, एक, नऊ, चार, सात’ हे आठ आंकडे परक्या माणसाला आठ ओझीं वाटतील. पुण्याच्या शाळेंत इतिहास शिकलेल्या मुलाला तीं दोनच आहेत: पेशवाई बुडाली तें १८१८ आणि देश स्वतंत्र झाला तें १९४७. उंबरठा तोच राहिला. एका हातांत मावणारी मोळी मोठी झाली. पुढें २००१ सालीं नेल्सन कोवन या संशोधकानें सर्व पुरावा पुन्हां तपासून असें प्रतिपादिलें कीं, मनांतल्या मनांत घोकणें आणि गट पाडणें या दोन्ही वाटा बंद केल्या, तर खरी मजल चारांच्याच आसपास आहे.

दुसरी अडचण उच्चाराची. अॅलन बॅडली आणि त्याचे सहकारी यांनीं १९७५ सालीं दाखविलें कीं, लांब शब्दांची यादी आंखूड शब्दांच्या यादीपेक्षां कमी लक्षांत राहते. साधारण दोन सेकंदांत जेवढें म्हणून होतें, तेवढेंच टिकतें. ‘दोन, सात, नऊ’ आणि ‘एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर, सत्त्याण्णव’ या दोन तिकड्या म्हणून पाहिल्या म्हणजे हें सहज पटेल. १९८० सालीं वेल्श आणि इंग्रजी या दोन्ही भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली, तेव्हां त्यांची आंकड्यांची मजल इंग्रजींत अधिक भरली; कारण वेल्श आंकडे उच्चारण्यास अधिक वेळ लागतो. बुद्धि तीच, भाषा निराळी, आणि फळ निराळें.

हा मुद्दा नुसत्या कुतूहलाचा नाहीं. आंकडे परत म्हणावयास लावणें ही कसोटी बिने याच्या बुद्धिमापन चाचण्यांत घेतली गेली आणि तेथून ती जगभर पसरली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं या चाचण्यांचें रूपांतर मराठी व कानडी मुलांसाठीं केलें. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. परक्या भाषेंतील माप जसेंच्या तसें न उचलतां आपल्या मुलांवर पडताळून घेतलें पाहिजे, ही दृष्टि त्यांत होती. मुलाच्या बुद्धीचा आंकडा ठरवितांना त्याच्या भाषेनें दोन क्षण अधिक घेतले म्हणून त्याला उणा ठरविणें हा अन्याय होय. तो टाळण्याचा हाच मार्ग.

आतां दुसरा प्रश्न. क्षणापुरतें धरलेलें जातें कोठें? १९५९ सालीं अमेरिकेंत पीटरसन पतिपत्नींनीं एक साधा प्रयोग केला. तीन व्यंजनें सांगावयाचीं आणि लगेच एखाद्या संख्येपासून तीन-तीन वजा करीत उलटे आंकडे म्हणावयास लावावयाचें, म्हणजे मनांत घोकण्यास सवड राहत नाहीं. तीन सेकंदांनीं विचारलें असतां बहुतेकांना अक्षरें आठवत. अठरा सेकंदांनीं दहांतून एकदांहि नीट आठवत नसत. यावरून निष्कर्ष निघाला कीं, अल्पकालीन स्मृतीचा ठसा पाण्यावरील रेषेसारखा आपोआप पुसला जातो. निष्कर्ष नीटस होता, आणि पुष्कळांनीं तो स्वीकारलाहि.

परंतु १९६२ सालीं केपेल आणि अंडरवुड यांनीं त्याच प्रयोगांतील अगदीं पहिला प्रश्न तेवढा वेगळा काढून पाहिला. पहिल्या खेपेस, अठरा सेकंद लोटले तरीहि, विसर जवळजवळ पडतच नाहीं! तो वाढतो पुढच्या खेपांना. म्हणजे दोष नुसत्या काळाचा नव्हे. आधींचीं अक्षरें मागाहून येणाऱ्या अक्षरांत मिसळून गोंधळ करतात, हें त्याचें मोठें कारण. क्षय कीं व्यत्यय, हा वाद अजूनहि पूर्ण मिटलेला नाहीं. मात्र एक धडा कायमचा मिळाला. सरासरीचा एकच आंकडा पुढें ठेवला, तर त्याच्या आड निराळीच गोष्ट लपलेली असूं शकते. पुरावा तपासणें म्हणजे तो कसा गोळा केला हें तपासणें.

स्मृति एक नसून दोन प्रकारची आहे, यालाहि असाच उलट-सुलट पुरावा आहे. शब्दांची लांब यादी ऐकविली असतां आरंभींचे आणि शेवटचे शब्द अधिक आठवतात, मधले गळतात. १९६६ सालीं ग्लान्झर आणि क्युनिट्झ यांनीं यादीनंतर तीस सेकंद आंकडे मोजावयास लावले, तेव्हां शेवटच्या शब्दांचा लाभ नाहींसा झाला. आरंभींच्या शब्दांचा टिकला. शेवटचे शब्द क्षणस्मृतींत होते आणि आरंभींचे सांठ्यांत पोंचले होते, असा अर्थ लावण्यांत आला. पण रग्बीचे खेळाडू हंगामांतले सामने आठवूं लागले, तर त्यांनाहि शेवटचेच अधिक आठवतात, असें १९७७ सालीं दिसून आलें. आठवड्यांपूर्वींच्या सामन्याला क्षणस्मृति कशी म्हणावी? तेव्हां हा पुरावा एकटा पुरेसा नाहीं.

याहून बळकट साक्ष दिली ती दोन रुग्णांनीं. हेन्री मोलायसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूचा कांहीं भाग अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून १९५३ सालीं काढण्यांत आला. त्यानंतर २००८ सालीं मृत्यु येईपर्यंत नव्या घटनांची आठवण त्याच्या ठायीं रुजलीच नाहीं. रोज भेटणारा डॉक्टरहि रोज नवाच. तरी आंकडे लगेच परत म्हणण्याची त्याची मजल जवळजवळ इतरांसारखीच होती. १९७० सालीं इंग्लंडमध्यें याच्या नेमका उलट रुग्ण वर्णिला गेला: ऐकलेले दोन-तीन आंकडे परत म्हणणेंहि त्याला कठीण जाई, पण नव्या गोष्टी शिकणें आणि लक्षांत ठेवणें शाबूत होतें. एक खांब पडला तरी दुसरा उभा, आणि दुसरा पडला तरी पहिला उभा. तेव्हां खांब दोन आहेत, हें मानणें भाग पडलें.

मात्र याच दुसऱ्या रुग्णानें एक मान्य सिद्धांत अडचणींत आणला. १९६८ सालीं अॅटकिन्सन आणि शिफ्रिन यांनीं मांडलेल्या चित्राप्रमाणें सर्व माहिती क्षणस्मृतीच्या देवडींतूनच सांठ्याच्या कोठारांत जाते. देवडी मोडली तर कोठार भरतें कसें? या अडचणीवर १९७४ सालीं बॅडली आणि हिच यांनीं उत्तर दिलें. त्यांनीं लोकांना सहा आंकडे मनांत धरावयास सांगून त्याच वेळीं विचाराचे प्रश्न सोडवावयास लावले. गति मंदावली, परंतु चुका फारशा वाढल्या नाहींत. यावरून त्यांनीं ठरविलें कीं क्षणाची स्मृति ही एक खोली नसून लहानसें कार्यालय आहे: ध्वनि घोळवीत ठेवणारा एक कारकून, आकृति व जागा सांभाळणारा दुसरा, आणि लक्ष कोठें द्यावयाचें हें ठरविणारा अधिकारी तिसरा. या कार्यालयाला त्यांनीं कार्यस्मृति म्हटलें. हेंहि अखेरचें सत्य म्हणून कोणी मांडीत नाहीं. आजवरच्या पुराव्याशीं तें पुष्कळ अंशीं जुळतें, इतकेंच.

एवढा पुरावा हाताशीं घेऊन पुण्याच्या पाठशाळेकडे परत वळावें. वरवर पाहतां वैदिक हा सात आंकड्यांच्या मर्यादेला जिवंत खोडा वाटतो. पण त्याच्या अध्ययनाची रीत पाहिली कीं चित्र पालटतें. ऋग्वेद-प्रातिशाख्याच्या पंधराव्या पटलांत अध्यापनाची पद्धति वर्णिली आहे. तींत गुरूनें एक वा दोन पदें उच्चारावयाचीं आणि शिष्यांनीं तीं परत म्हणावयाचीं. अशा रीतीनें साधारणपणें तीन ऋचांचा एक ‘प्रश्न’ पुरा करावयाचा. म्हणजे गुरूनें एका वेळीं पुढें केलेला घांस लहान असतो. शिष्याच्या क्षणस्मृतींत तो पुरता मावतो आणि म्हणूनच अचूक उच्चारला जातो. मग त्याची आवृत्ति, दुसऱ्या दिवशीं पुन्हां आवृत्ति, आणि अध्याय संपल्यावर पुन्हां. एबिंगहाउसनें जें वाचनें मोजून दाखविलें, तें संथेच्या रचनेंतच गृहीत धरलेलें आहे.

पुढची पायरी अधिकच लक्ष देण्याजोगी आहे. संहितेनंतर पदपाठ येतो, आणि मग क्रम, जटा, घन. क्रमांत पदें ‘एक-दोन, दोन-तीन, तीन-चार’ अशीं सांखळीनें गुंफलीं जातात. जटेंत ‘एक-दोन, दोन-एक, एक-दोन’. घनांत ‘एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन’. आणि मग दुसऱ्या पदापासून पुन्हां तेंच. हिशेब केला तर मधलें प्रत्येक पद घनपाठांत तेरा वेळां उच्चारलें जातें, कधीं मागच्याच्या संगतीनें, कधीं पुढच्याच्या. एखादें पद गळलें किंवा बदललें तर त्याच्या दोन्ही बाजूंचे संधि मोडतात आणि चूक तत्काळ कानाला खटकते. तरीहि गंमत अशी कीं, या अवघड वाटणाऱ्या पाठांत एका वेळीं हाताळावयाचीं पदें तिन्हींहून अधिक कधींच नसतात. ओझें वाढतें तें आवृत्तीचें, क्षणस्मृतीचें नाहीं.

येथेंहि सावध राहिलें पाहिजे. प्राचीन आचार्यांना मानसशास्त्रांतील ही मर्यादा ठाऊक होती, असा दावा यावरून करतां येणार नाहीं. त्यांचा हेतु पाठ शुद्ध राखण्याचा होता. हजारों शिष्यांना शिकवितांना जी रीत टिकली ती टिकली, आणि जी टिकली ती मनाच्या घडणीशीं जुळणारी निघाली, एवढेंच म्हणणें पुराव्याला धरून होईल.

पण पाठ खरोखर शुद्ध राहिला काय? याहि प्रश्नाचा पुण्याशीं निकटचा संबंध आहे. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास वांटली जाणारी दक्षिणा हा विद्वानांच्या सन्मानाचा मोठा प्रसंग असे. पेशवाई गेल्यावर त्याच निधींतून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. १८७५ सालीं पुण्यांत वेदशास्त्रोत्तेजक सभा स्थापन झाली आणि तिनें वेदांच्या व शास्त्रांच्या परीक्षा सुरू केल्या. १८७४ सालीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं ‘इंडियन अँटिक्वेरी’त या अध्ययनपरंपरेचें वर्णन लिहून तें जगापुढें मांडलें. आणि शंकर पांडुरंग पंडित यांनीं तर अथर्ववेदाची आवृत्ति सिद्ध करतांना पोथ्यांच्या बरोबरीनें जिवंत वैदिकांची साक्ष घेतली. बापूजी जीवणराम, केशवभट बिन दाजीभट आणि वेंकणभटजी या वैदिकांचे पाठ त्यांनीं पोथ्यांसारखेच संकेताक्षरें देऊन तळटीपांत नोंदले. ही आवृत्ति पंडितांच्या निधनानंतर १८९५ ते १८९८ या काळांत मुंबईस छापून निघाली. मनुष्याच्या मुखांतील पाठाला पोथीइतकाच मान, आणि पोथीइतकीच तपासणी! अभिमान आणि तुच्छता या दोहोंना बाजूस सारून पुरावा कसा हाताळावा, याचा हा वस्तुपाठच होय.

तुलनेसाठीं दुसरें उदाहरणहि पुण्याचेंच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. त्यासाठीं बाराशेंहून अधिक पोथ्या ताडून पाहाव्या लागल्या, आणि प्रांतोप्रांतींच्या पोथ्यांत श्लोकच्या श्लोक कमी-अधिक आढळले. ऋग्वेदाचा शाकल पाठ मात्र निरनिराळ्या प्रांतांत जवळजवळ एकरूप आहे. महाभारत सांगणाऱ्याला गोष्ट राखावयाची होती, वैदिकाला अक्षर. ज्याची जपणूक केली तें टिकलें. अर्थात् वैदिक आपला पाठ लिखित पोथीशीं ताडून पाहूं शकत होते. त्यामुळें ही एकरूपता केवळ मुखपरंपरेचीच करणी, असेंहि ठामपणें म्हणतां येत नाहीं.

वैदिकाची साक्ष दीर्घ अभ्यासाची झाली. पण एकदां ऐकून सर्व सांगणाऱ्यांचें काय? १८८७ सालीं मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें श्रीमद् राजचंद्र यांनीं एकोणिसाव्या वर्षीं शतावधानाचा प्रयोग करून दाखविला. १८९१ सालीं विलायतेहून परतलेल्या मोहनदास गांधींनींहि मुंबईंत त्यांची परीक्षा घेतली. युरोपांतील भाषांचे जेवढे शब्द येत होते तेवढे गांधींनीं म्हटले, आणि राजचंद्रांनीं ते त्याच क्रमानें परत सांगितले, असें गांधींच्या आत्मकथेंत आहे. साक्षीदार सत्यवचनी आहे. त्याच्या शब्दावर शंका घेण्याचें कारण नाहीं. तरी मानसशास्त्रज्ञ विचारील: शब्द किती? म्हणण्याची गति काय? प्रत्येक शब्दाला मनांत कोठें तरी टांगून ठेवावयास सवड होती काय? त्या वर्णनांत हे तपशील नाहींत. तेव्हां राजचंद्रांची स्मृति असामान्य होती हें यावरून मानतां येईल; ती क्षणस्मृति होती कीं विजेच्या वेगानें भरलेलें कोठार, हें त्यावरून ठरत नाहीं.

हें ठरविण्याची युक्ति १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत सांपडली. अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें एरिक्सन, चेस आणि फॅलून यांनीं सामान्य मजलेच्या एका विद्यार्थ्याला आंकडे परत म्हणण्याचा सुमारे २३० तास सराव दिला. सातांवर थांबणारा हा तरुण ७९ आंकड्यांपर्यंत पोंचला! क्षणस्मृति दसपटीहून अधिक वाढली असें कोणीहि म्हटलें असतें. पण संशोधकांनीं आंकड्यांच्या जागीं अक्षरें दिलीं मात्र, आणि त्याची मजल पुन्हां सहांवर आली. तो धांवपटु होता; आंकड्यांचे गट तो शर्यतींच्या वेळा समजून आपल्या जुन्या सांठ्यांत बसवीत होता. दार रुंद झालें नव्हतें; दारांतून येणाऱ्या वस्तूंना आंत तयार खुंट्या मिळाल्या होत्या.

आणि येथें त्या गृहिणीच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. वेदपाठी मुलाजवळ ऋचांसाठीं स्वर, छंद आणि वर्षांची आवृत्ति यांच्या खुंट्या होत्या, हळद-मोहरीसाठीं नव्हत्या. २०१६ सालीं एका नियतकालिकांत आलेल्या अभ्यासांत २१ यजुर्वेदी पंडितांच्या मेंदूंचीं छायाचित्रें इतर २१ जणांच्या छायाचित्रांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां भाषा आणि स्मृति यांच्याशीं निगडित भागांत पंडितांच्या मेंदूंतील करडें द्रव्य अधिक आढळलें. ही गोष्ट मोठी आहे. पण अध्ययनानें मेंदू घडला कीं तशा घडणीचींच मुलें अध्ययनांत टिकलीं, हें एकदांच घेतलेल्या छायाचित्रांवरून सांगतां येत नाहीं. त्यासाठीं मूल पाठशाळेंत येतें त्या दिवसापासून वर्षानुवर्षें मोजावें लागेल.

या सर्व विवेचनाचा घराशीं आणि शाळेशीं संबंध आहे. “पुस्तक काढ, सत्तेचाळिसावें पान उघड, तिसरें गणित वहींत उतर, समास सोड आणि उत्तराखालीं रेघ मार,” असें एका दमांत सांगितलें कीं कांहीं मुलें दुसऱ्या-तिसऱ्या सूचनेपाशींच थबकतात, आणि वर्गांत ‘मठ्ठ’ किंवा ‘लक्ष नसणारा’ हा शिक्का त्यांच्या कपाळीं बसतो. इंग्लंडमध्यें सूझन गॅदरकोल आदि संशोधकांनीं अशा मुलांची पाहणी केली तेव्हां दिसलें कीं, त्यांच्यापैकीं अनेकांची कार्यस्मृति अपुरी असते आणि सूचना धरून ठेवतां ठेवतां त्यांचा धागाच सुटतो. तें अवज्ञेचें लक्षण नव्हे. स्मृति वाढविण्याच्या खेळांवर आणि शिकवण्यांवर आज पुष्कळ पालक पैसे खर्च करतात. परंतु २०१३ सालीं अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला असतां असें दिसलें कीं, सरावाचा लाभ त्या खेळापुरता राहतो. वाचनांत किंवा गणितांत तो उतरल्याचा भरंवशाचा पुरावा मिळाला नाहीं.

मग करावें काय? जें पुण्याच्या गुरुजींनीं केलें तेंच. घांस लहान करावा, तो मुलाकडून म्हणवून घ्यावा, तो पक्का झाल्यावर दुसरा द्यावा, आणि पहिला उद्यां पुन्हां विचारावा. पावकी-निमकीचे पाढे आणि सांजवेळचा परवचा यांत हेंच तत्त्व होतें. त्यांना अर्थाची जोड दिली म्हणजे श्रम आणखी हलके होतात. क्षणाच्या स्मृतीचा उंबरठा सर्वांनाच आहे; कोणाचा थोडा उंच, कोणाचा थोडा ठेंगणा. वाण्याकडून दोन जिनसा विसरून आलेल्या मुलाला रागें भरण्याऐवजीं दुसऱ्या खेपेस नऊ जिनसांचे तीन-तीनांचे गट पाडून सांगावे, आणि निघण्यापूर्वीं त्याच्याकडून एकदां म्हणवून घ्यावे.